पुरावा नसलेला अर्थ

कोशाच्या कचेरीत ‘ल’ अक्षर उघडलं, त्या सकाळी बाईंच्या टेबलावर कार्डांचे पाच गठ्ठे आले. बाईंनी दोरी सोडली, पहिला गठ्ठा चाळला, दुसरा चाळला आणि चष्मा वर करून पुन्हा पहिल्याकडे वळल्या. ‘लंगर’ होता, ‘लंगोटी’ होती. त्यांच्या आधीचा शब्द गायब होता.

बाई एकतीस वर्षं हेच काम करत होत्या. भाषेतला एकेक शब्द घ्यायचा, तो कुणी कुठे कसा वापरला याची कार्डं वाचायची, अर्थ वेगवेगळे काढायचे, त्यांना आकडे द्यायचे आणि नोंद लिहून संपादकांकडे पाठवायची. जुना कोश साठ वर्षांपूर्वीचा होता, त्याची नवी आवृत्ती चालू होती. खणातून कार्डं काढून देणारे कपाटकाका एक कार्ड इकडचं तिकडे होऊ देत नसत. साडेतीन लाख कार्डांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या. म्हणजे शब्द हरवला नव्हता. कुणीतरी तो बाजूला काढला होता.

“काका, ‘लंगडा’ कुठाय?” बाईंनी विचारलं.

कपाटकाका छताकडे बघत म्हणाले, “साहेबांनी मागून घेतला. मी कोण विचारणारा?”

बाई उठल्या. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं आखूड होता. तीन वर्षांच्या असताना ताप आला होता, आणि उतरताना तो त्या पायातलं बळ घेऊन उतरला. डाव्या बुटाला जाड तळवा लावलेला असे, त्यामुळे त्यांची दोन पावलं दोन आवाजांत पडत. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या बेचाळीस. बाई येत आहेत हे जिन्यावरूनच कळे आणि टेबलांवरची वर्तमानपत्रं आपोआप खणात जात.

संपादक बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते. स्वभावाने लोण्याहून मऊ, आणि डोक्यावर औषधालाही केस नाही.

“साहेब, माझ्या गठ्ठ्यातला एक शब्द तुमच्याकडे आलाय.”

संपादकांनी टेबलावरचं टाचण्यांचं डबडं उगीच सरळ केलं. “हो, म्हणजे मी म्हटलं, तो एक शब्द मीच बघतो. तुम्हाला कशाला उगाच...”

“उगाच काय?”

“त्रास.”

बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. “आणि ‘टकला’ कुणी तपासला होता?”

 संपादकांचं अख्खं डोकं लाल होत गेलं आणि ते खो खो हसत सुटले. दाराबाहेर किल्ल्या खुळखुळल्या, म्हणजे काकाही तिथेच होते. संपादकांनी खणातून गठ्ठा काढून दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे केला.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

“चुकलं नाही. चांगल्या घरात वाढलेली माणसं असंच करतात,” बाई म्हणाल्या आणि गठ्ठा घेऊन आपल्या टेबलाशी आल्या.

कार्डं एकशे अठरा होती. बाईंनी ती पुढच्या दोन दिवसांत वाचली. पहिला अर्थ सरळ होता: एक पाय अधू किंवा आखूड असलेला. दुसरा वस्तूंचा: ज्याचा एक पाय मोडला किंवा छोटा झाला असं टेबल, खुर्ची, पलंग. तिसऱ्या अर्थाची कार्डं सगळ्यांत जास्त निघाली. लंगडी सबब, लंगडं समर्थन, लंगडा युक्तिवाद, आणि बहुमत नसलेलं लंगडं सरकार. कुणाचं काही कमी पडलं की माणसं चटकन हा शब्द उचलत होती, आणि उचलताना त्यांच्या डोळ्यांपुढे कुणाचा पाय नव्हता. कारभार आंधळा होतो, सत्ता बहिरी होते, सबब लंगडी होते. भाषा आपल्या अडचणीला नेहमी दुसऱ्याचं शरीर उसनं आणते, हे बाईंना फार आधीच कळून चुकलं होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. राग करत बसल्या असत्या तर ‘अ’ च्या पुढे सरकल्या नसत्या.

मग एका पायावर उड्या मारत पकडायचा मुलांचा खेळ. मग म्हण: वासरात लंगडी गाय शहाणी. ती म्हण बाईंना पाठ होती. शाळेत त्या पहिल्या आल्या की वर्गातली कुणी ना कुणी ती म्हणून दाखवायचीच.

शाळेत त्यांच्या नावाच्या दोन मुली होत्या. मास्तरांनी हजेरीच्या सोयीसाठी एकीला गोरी म्हटलं आणि दुसरीला लंगडी. मनात काही वाईट नव्हतं, नुसती सोय होती. ती सोय सात वर्षं चालली. मोठी माणसं तेवढं तोंडावर म्हणत नसत. ती म्हणत, “पोरगी हुशार आहे हो, पायाने जरा...” आणि पुढचं वाक्य हवेत सोडून देत. एकदा आईने अशाच एका शेजारणीला दारात गाठलं आणि विचारलं, “जरा म्हणजे किती? चार बोटं आहे. नीट मोजून सांगत जा लोकांना.”

बाईंनी नोंद लिहिली. पहिल्या अर्थापुढे ‘अनादरवाचक, हल्ली टाळतात’ असा शेरा घातला, कारण तो खरा होता. मग नोंद पुन्हा वाचली. सगळं बरोबर होतं आणि तरी काहीतरी राहिलं होतं. एकशे अठरा कार्डांत एक अर्थ कुठेच नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. लागोपाठ दहा-बारा वर्षं, दिवसातून वीसदा.

* * *

तो अर्थ त्यांच्या भावाचा होता.

भाऊ तीन वर्षांनी मोठा. आई तिला चिमणी म्हणायची, वडील नावाने हाक मारायचे आणि दादा म्हणायचा ‘लंगडे’. “लंगडे, ऊठ, सात वाजले.” “लंगडे, माझा कंपास घेतलास ना?” घरात त्याला कुणी रागवत नसे, कारण त्याच्या तोंडी ते रागवण्यासारखं वाटतच नसे. शेजारचा कुणी तेच म्हणाला तर दादा त्याच्या अंगावर धावून जाई. एकदा तर त्याने सदऱ्याची बाही फाडून घेतली आणि आईचा मार खाल्ला. “तू म्हणतोस ते चालतं, त्याने म्हटलं तर नाही?” आईने विचारलं. “मी तिचा भाऊ आहे,” दादा म्हणाला. एवढा बिनतोड मुद्दा आईला खोडता आला नाही.

शाळेला जाताना तो कधी तिच्या बरोबरीने चालला नाही. पुढे पळायचा, वळणावर थांबायचा, भिंतीला टेकून ओरडायचा, “लंगडेऽऽ, आज पोचतेस की उद्या?” ती दप्तर सावरत, दात ओठ खात, डाव्या पायावर झोके घेत त्याला गाठायची. तिने गाठलं की तो पुन्हा पुढच्या वळणापर्यंत पळायचा. घर ते शाळा पाच वळणं होती. इतर सगळे तिच्यासाठी पावलं आखडती घेत. दादाने ती कधीच घेतली नाहीत, आणि म्हणूनच ती इतकं भरभर चालायला शिकली.

त्या एका शब्दात त्याच्या किती तऱ्हा होत्या! हरवलेलं काही शोधताना तो शेवटचं अक्षर लांबवायचा. काही मागायचं असलं की आवाज साखरेत घोळून यायचा. तिची वस्तू मोडली असली की अगदी खालच्या पट्टीत, एकदाच. वडील पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होते. ते अचानक गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि दादा चौदा. घर माणसांनी भरलं होतं. जो तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत काही ना काही सांगत होता. दादा मागच्या पायरीवर तिच्या शेजारी येऊन बसला.  मग “लंगडे” एवढंच म्हणाला. त्या दिवशी कुणी काय काय समजावलं ते तिला पुढे आठवेना. तेवढा एक शब्द राहिला.

मग सोळावं वर्ष आलं. नवं विद्यालय, नव्या मैत्रिणी. तिथे तिच्या नावाची ती एकटीच होती, त्यामुळे पहिल्यांदाच तिला सगळे नावाने ओळखत होते. ती लवकर जाऊन बाकावर बसायची आणि सगळ्यांत शेवटी उठायची. मैत्रिणींना पाय दिसत नव्हता असं नाही, पण कुणी विषय काढला नव्हता आणि तिला ते हवंहवंसं वाटत होतं. एका दुपारी ती तिघींबरोबर फाटकापाशी उभी होती. रस्त्याच्या पलीकडे दादाची सायकल येऊन थांबली.

“ए लंगडे! चल लवकर, आईने बोलावलंय!”

तिघींपैकी एक हसली. कदाचित ती सायकलच्या सुटलेल्या साखळीला हसली असेल, कदाचित दादाच्या उभ्या राहिलेल्या केसांना. पण ते तेव्हा कोण तपासणार?  घरी आल्यावर दादा अंगणात सायकल उलटी करून साखळी बसवत होता, तेव्हा ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“पुन्हा मला त्या नावाने हाक मारलीस तर तुझं तोंड बघणार नाही.”

दादाने मान वर केली. “कुठल्या नावाने?”

“माहीत नसल्यासारखं करू नकोस. चार माणसांत मला तुझी लाज वाटते.”

त्याचे दोन्ही हात तेलाने काळे झाले होते. तो ते बघत राहिला. “बरं,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला उठवलं ते तिच्या नावाने. दाखल्यावरच्या, पुऱ्या चार अक्षरी नावाने. ते ऐकून ती अंथरुणात उठून बसली. परकं कुणी घरात शिरल्यासारखं तिला झालं. वाटलं, आज रुसलाय, उद्या विसरेल. तीन दिवस वाट पाहिली, आठवडा पाहिला. पण दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि तीही त्याचीच बहीण. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे चार शब्द तिच्या जिभेवर यायचे आणि दाताशी अडायचे. पुढे तिला ज्याची आठवण यायची ते हेच, की किती सोपं होतं ते.

शाळेची वाट आता राहिली नव्हती, पण बाजारात, दवाखान्यात बरोबर जायची वेळ आली की दादा तिच्या शेजारून चालू लागला. तिच्या चालीने, पावलं मोजून. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

एकविसाव्या वर्षी तो वेल्डिंगचं काम शिकून समुद्रापारच्या एका जहाजदुरुस्तीच्या गोदीत गेला. तिथेच राहिला, लग्न केलं, मुलं झाली, नातवंडं झाली. आधी पत्रं यायची, मग दर रविवारी सकाळी दहाला फोन. एकही रविवार त्याने चुकवला नाही. “कशी आहेस? गुडघ्याला तेल लावतेस ना? थंडी पडली का?” आणि वाक्याच्या सुरुवातीला ते चार अक्षरी नाव, इस्त्री केलेल्या कपड्यासारखं. आई गेली तेव्हा तो आला होता. तेव्हाही त्याने तिला नावानेच जवळ घेतलं.

बाईंनी लग्न केलं नाही. एकाने विचारलं होतं, ते त्यांनाच पसंत पडलं नाही. दोन खोल्यांचं घर होतं, खिडकीत चार कुंड्या होत्या, आणि कचेरी होती. तक्रार अशी नव्हती. पण कधी रस्त्यात कुणी पोर दुसऱ्याला लांबून ओरडून हाक मारी, तेव्हा त्यांचं पाऊल आपसूक झपाट्याने पडे. दोन-चार पावलं गेल्यावर त्यांच्या ध्यानात येई की पुढच्या वळणावर कुणी थांबलेलं नाही.

* * *

“आणखी एक अर्थ आहे,” बाईंनी संपादकांना सांगितलं. “संबोधन म्हणून. जवळच्या माणसाने, मायेने.”

“कार्ड आहे?”

“नाही.”

संपादकांनी कपाटांकडे पाहिलं. बोलायची गरज नव्हती. कपाटकाकांच्या पहिल्या कपाटावर एक कागद चिकटवलेला होता, ‘लेखी पुराव्याशिवाय अर्थ नाही’. वीस वर्षांपूर्वी तो बाईंनीच स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून चिकटवला होता, कारण तेव्हाचे संपादक आपल्या सासुरवाडीचे शब्द पुराव्याशिवाय घुसडत होते.

“पत्र चालेल?” बाईंनी विचारलं.

“खासगी पत्र चालतं. आपण याआधी घेतलीत.”

“मग मला थोडे दिवस द्या.”

रविवारी दहाला फोन वाजला. कशी आहेस झालं, तेल झालं, थंडी झाली.

“दादा, एक कामाचं विचारायचं होतं.”

“विचार की.”

“लहानपणी तू मला काय म्हणायचास?”

 पलीकडे कुणीतरी ताटल्या आवरत होतं, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

“ते आता कशाला?” दादा म्हणाला.

“कोशात घालायचंय. पुरावा लागतो. तू कसं म्हणायचास, कधी म्हणायचास, एवढं मला एका कागदावर लिहून पाठव.”

“मी लहान होतो गं तेव्हा,” दादा म्हणाला. “अक्कल नव्हती. फार छळलं मी तुला. किती वर्षं म्हणेन म्हणतोय, धीर होत नव्हता. मला माफ कर.”

बाईंच्या हातातला फोन गरम झाला होता. “अरे, माफी कसली? तू छळलंस कुठे? दादा, तसं नव्हतं ते.” पुढे काय सांगायचं ते त्यांना सुचेना. एकतीस वर्षं शब्दांच्या राशीत बसलेली बाई, आणि ऐन वेळी एक शब्द हाताला लागेना. “तू लिही तर,” त्या एवढंच म्हणाल्या.

“बघतो,” दादा म्हणाला. “ठेवतो.”

पत्र यायला महिना लागला. बाईंनी ते कचेरीत न उघडता घरी नेलं आणि खिडकीशी बसून वाचलं. दादाचं अक्षर पूर्वीसारखंच, उजवीकडे कललेलं.

“तू मागितलंस म्हणून बसलो लिहायला,” त्याने लिहिलं होतं. “इथे गोदीत आलो तेव्हा पहिली नऊ वर्षं मला कुणी माझ्या नावाने हाक मारली नाही. माझ्या रंगावरून, बोलण्यावरून त्यांनी मला एक नाव पाडलं होतं. ते काय ते लिहीत नाही. सगळे हसत म्हणायचे. मुकादम तर पाठीवर हात ठेवून म्हणायचा. आम्ही प्रेमाने म्हणतो रे, असं सांगायचा. मीही हसायचो. घरी येऊन हात धुताना मला रोज तू दिसायचीस, अंगणात माझ्यापुढे उभी राहिलेली. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी तू किती बरोबर होतीस. मी तुला दिलेलं वचन चाळीस वर्षं पाळलंय. तो शब्द मी माझ्या हाताने लिहिणार नाही. कोशासाठीही नाही. बाकी तू जे मागशील ते.”

खाली त्याने वळणं आठवून लिहिली होती. पाचही वळणं, कुठल्या भिंतीपाशी तो थांबायचा त्यासकट.

बाईंनी पत्र तीनदा वाचलं. मग त्या रडल्या. कपाटातून कागद काढला आणि उत्तर लिहायला बसल्या. दोन मसुदे फाडले. तिसऱ्यात लिहिलं, “तुला तिकडे जे म्हणाले, त्याचा मला आज इतका राग आलाय की त्या मुकादमाला शोधून काढावं असं वाटतं. पण दादा, वर्गातल्या मुली तो शब्द म्हणायच्या तेव्हा तो थेट पायाला लागायचा. तू म्हणायचास तेव्हा मला पाय आहे हेच आठवायचं नाही. मी सोळा वर्षांची होते. मला फरक कळत होता, सांगता येत नव्हता. तू वचन मोडावंस म्हणून मी त्या आठवड्यात रोज सकाळी जागी असून झोपल्याचं सोंग घ्यायचे.”

उत्तर टपालात टाकून त्या कचेरीत गेल्या आणि दादाचं पत्र संपादकांपुढे ठेवलं. संपादकांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“यात शब्दच नाही,” ते हळूच म्हणाले.

“नाही.”

“बाई, आपण एक करू. ‘क्वचित मायेने’ असे दोनच शब्द घालू. कोण विचारतंय? मी सही करतो.”

“नाही साहेब. सासुरवाडीचे शब्द मी काढून टाकले, आता माहेरचे कसे घालू?”

नोंद चार अर्थांची झाली आणि छापायला गेली.

* * *

खंड छापून आला त्याच्या पुढच्या वर्षी दादा आला, तीन आठवड्यांसाठी. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. साठी उलटली होती, केस उडाले होते, आणि एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे हातात काठी होती. दारात त्याने बाईंना नावाने हाक मारली आणि मिठी मारली. बाईंच्या उत्तराबद्दल तो काही बोलला नाही. बाईंनीही विचारलं नाही. दोघं भाजी आणायला जात, बँकेत जात, जुन्या ओळखीच्यांकडे जात. दादा त्यांच्या शेजारून चाले, दोघांची पावलं चार तऱ्हांनी पडत, आणि तो सतत विचारी, “दमलीस का? बसायचं का?” बाई म्हणत, “नाही रे.” इतका जवळ तो चाळीस वर्षांत आला नव्हता. बाईंचा जीव मात्र त्याच्यापुढे दहा हात, कुठल्याशा भिंतीपाशी घुटमळत असे.

दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, “मला तुझी कचेरी बघायचीय.”

जिन्यापाशी येऊन त्याने वर पाहिलं. काठी टेकत तो पहिला टप्पा चढला आणि चौदाव्या पायरीवर बसला. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता.

“तू रोज चढतेस हे?”

“एकतीस वर्षं. आता बत्तीस झाली.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तू तेलाचं विचारायचास, पायऱ्यांचं नाही.”

दादा हसला. त्याला पुढे चढवेना, म्हणून बाई वर गेल्या आणि नवा खंड पोटाशी धरून खाली घेऊन आल्या. कपाटकाका मागून पाण्याचा पेला घेऊन आले, दादाला बघून उगीच दोनदा नमस्कार करून परत गेले. दोघं भाऊ-बहीण पायरीवर बसली. बाईंनी पान काढून दिलं. दादा ओळीखाली बोट धरत, शाळेतल्यासारखं, ओठ हलवत वाचू लागला.

“टेबल, खुर्ची, सबब, सरकार,” तो म्हणाला. “काय गं, माणसांपेक्षा यांचीच गर्दी.”

“म्हणून तर कोश तीन खंडांचा झाला.”

तो शेवटच्या ओळीपर्यंत आला. बोट तिथेच ठेवून थांबला.

“नाही घातलंस.”

“साक्षीदार उलटला. काय करणार?”

दादाने खंड मिटला, पण बोट आत तसंच राहू दिलं. बराच वेळ तो खालच्या दाराकडे बघत होता. रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं.

“तुझं पत्र आलं त्यानंतरची गोष्ट,” तो म्हणाला. “घरात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि म्हणून बघितलं. मोठ्याने. दोनदा.”

बाई त्याच्याकडे वळून बसल्या.

“आवाज म्हाताऱ्याचा आला. कुणीतरी म्हातारा कुणाला तरी शिवी देतोय असं वाटलं. तो शब्द म्हणायला तेरा-चौदा वर्षांचा गळा लागतो गं. पळत जाऊन धापा टाकणारा. माझ्याकडे तो नाही आता. असता तर दिला असता तुला.”

बाईंनी त्याच्या काठीवरच्या हातावर हात ठेवला. जुन्या भाजल्याच्या खुणांनी तो हात खरखरीत झाला होता. “राहू दे,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “दोनदा म्हणालास?”

“दोनदा.”

“कुठल्या पट्टीत?”

दादा विचारात पडला. “पहिल्यांदा शोधताना म्हणायचो तसं. दुसऱ्यांदा खालच्या.”

बाईंनी मान डोलावली. मग दोघं उठली आणि एकमेकांना सावरत चौदा पायऱ्या उतरली. उतरताना कोण कुणाला धरत होतं, ते पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं.

दादा परत गेला. बाईंच्या टेबलावर ‘व’ चे गठ्ठे आले, ते कपाटभर होते, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. रविवारी दहाला फोन येत राहिला. आता दादा पायऱ्यांचं विचारतो आणि बाई सांगतात, आज मधे एकदा थांबले, आज नाही थांबले. नातवंडांचं होतं, हवेचं होतं. मग बोलणं संपतं, आणि ‘ठेवतो’ म्हणण्याआधी दादा थोडा थांबतो. पूर्वी थांबत नसे. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येतो. बाई त्या वेळी फोन कानाशी घट्ट धरून उभ्या राहतात. खिडकीतून रस्ता दिसतो, रस्त्याचं वळण दिसतं.

“ठेवतो,” दादा म्हणतो.

“हं,” बाई म्हणतात.